फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही: लिनक्सवर चौघांचं एक फोल्डर

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. डिझाइन करणारे दोघं, हिशेब बघणाऱ्या एक बाई, माल पाठवणारे एक जण आणि मालक. कोपऱ्यात एक जुना पीसी, त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्यात सगळ्यांच्या कामाच्या फाइली. आपण या मंडळींना ऑफिसात मारतात तशीच हाक मारू: थोरले डिझायनर अण्णा, धाकटा दादा, हिशेबाच्या अक्का, डिस्पॅचचे मामा. संगणकावरची त्यांची खातीही याच नावांची आहेत असं धरून चालू.

अण्णांनी सकाळी नव्या बॉर्डरचं डिझाइन फोल्डरमध्ये ठेवलं. दुपारी दादानं ते उघडलं, दोन रंग बदलले आणि सेव्ह करायला गेला तर परवानगी नाही. "अण्णा, तुमची फाइल उघडतीय, पण सेव्हच होईना." मग ती दुसऱ्या नावानं सेव्ह होते. 'बॉर्डर', 'बॉर्डर नवी', 'बॉर्डर फायनल', 'बॉर्डर फायनल दादा'. जकार्डच्या डिझाइनमधला एकेक ठिपका म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांना छेदतात ती एकेक जागा. चुकीची फाइल मागावर गेली की चूक थेट कापडात विणली जाते, आणि विणलेलं कापड काही उसवून परत बीमवर चढत नाही. म्हणून परवानग्यांचा हा विषय नुसता संगणकवाल्यांचा नाही. एका कामाची एकच फाइल असावी आणि ती ज्यांनी बदलायची त्यांनाच बदलता यावी, एवढंच यातून साधायचं आहे.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी कोणीतरी जाणकार येतो, टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडतो आणि अख्ख्या फोल्डरवर सीएचमॉड ७७७ (सीएचमॉड ही परवानग्या बदलायची आज्ञा) मारून जातो. तक्रार त्या क्षणी मिटते, म्हणून हा उपाय सगळीकडे चालतो. मला तो अजिबात मान्य नाही. ७७७ म्हणजे त्या मशीनवर ज्याचं ज्याचं खातं आहे त्या प्रत्येकाला, आणि तिथे चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमलाही, त्या फाइली वाचायची, बदलायची आणि चालवायची मुभा. त्यात अक्कांचं पगारपत्रकही आलं. एवढं करून मूळ दुखणं तसंच राहतं. आज्ञा फक्त त्या घडीला असलेल्या फाइलींवर चाललेली असते. उद्या अण्णा जी नवी फाइल करतील तिला ती लागू नाही, त्यामुळे तीच तक्रार पुन्हा दारात. घाईत हीच आज्ञा चुकून मुळावर, म्हणजे नुसत्या / या चिन्हावर, आतल्या सगळ्यासकट मारली गेली तर सुडो, म्हणजे सर्वाधिकार घेऊन आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, तोसुद्धा चालेनासा होतो आणि मशीन सरळ करायला दिवस जातो. कोणी स्वतःच्या होम फोल्डरवर मारली तर किल्ली वापरून होणारं एसएसएच लॉगिन (दुसऱ्या संगणकावरून या मशीनवर येणं) बंद पडतं, कारण जी किल्ली दुसऱ्या कोणालाही बदलता येते तिच्यावर एसएसएच विश्वास ठेवत नाही.

पुढे जायच्या आधी एक सांगून ठेवतो. आज्ञा इथे आपण बोलतो तशा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. सीएचमॉड म्हणजे सी, एच, एम, ओ, डी ही पाच अक्षरं, बाकीच्याही तशाच.

मालक, ग्रुप आणि बाकीचे

लिनक्समधल्या प्रत्येक फाइलीला एक मालक असतो (कारखान्याचे मालक नव्हेत, फाइल ज्या खात्याच्या नावावर आहे तो) आणि एक ग्रुप असतो. या दोघांत न बसणारे ते 'बाकीचे'. तिघांसाठी तीन वेगवेगळे हक्क नोंदवलेले असतात: वाचणं, लिहिणं, चालवणं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. यांची बेरीज करून तिघांचे तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले की झाली परवानगी. ६४० म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं (४ अधिक २), ग्रुपला फक्त वाचता येतं, बाकीच्यांना काहीच नाही. एलएस -एल ही आज्ञा दिली की प्रत्येक फाइलीपुढे हेच हक्क आकड्यांऐवजी आर, डब्ल्यू, एक्स या अक्षरांत दिसतात आणि मालकाचं व ग्रुपचं नावही दिसतं.

इथे एक बारकावा आहे. लिनक्स तिन्ही ओळी मिळून विचार करत नाही. तुम्ही मालक असाल तर फक्त मालकाची ओळ बघितली जाते. मालक नसाल पण ग्रुपमध्ये असाल तर फक्त ग्रुपची. म्हणजे ६०४ अशी परवानगी असेल तर साऱ्या जगाला फाइल वाचता येते, पण ग्रुपमधल्या माणसाला नाही. "मी ग्रुपमध्ये आहे, तरी का अडतंय" याचं उत्तर कधी कधी इथे सापडतं.

फोल्डरच्या बाबतीत याच तीन अक्षरांचा अर्थ बदलतो, आणि सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. फोल्डर म्हणजे एक नोंदवही समजा. तिच्यात फक्त फाइलींची नावं आणि त्या डिस्कवर कुठे आहेत याचा पत्ता लिहिलेला असतो, फाइलींचा मजकूर तिच्यात नसतो. फोल्डरवर वाचण्याचा हक्क म्हणजे ही नावांची यादी बघता येणं. लिहिण्याचा हक्क म्हणजे यादीत नाव घालणं, खोडणं, बदलणं. चालवण्याचा हक्क म्हणजे त्या फोल्डरातून आत जाता येणं, नाव घेऊन फाइलीपर्यंत पोचता येणं. हा तिसरा हक्क नसेल तर पहिले दोन असून फारसा उपयोग नाही.

यातून एक गोष्ट निघते जी ऐकून बरेच जण चमकतात. फाइल डिलीट करणं म्हणजे नोंदवहीतली ओळ खोडणं. त्यामुळे डिलीट करता येईल की नाही हे फाइलीच्या परवानगीवर ठरत नाही, फोल्डरच्या परवानगीवर ठरतं. अण्णांनी एखादी फाइल ४४४, म्हणजे सगळ्यांना फक्त वाचण्यापुरती केली, तरी ज्याला त्या फोल्डरात लिहिता येतं तो ती उडवू शकतो. फाइल 'लॉक' करून ठेवली म्हणून ती सुरक्षित आहे असं समजणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

आधी कागद, मग टर्मिनल

कोणाला काय करता यायला हवं हे आधी कागदावर लिहा. आपल्या ऑफिसचं असं असेल: डिझाइनच्या फाइली अण्णा आणि दादा बदलतील, मामा आणि मालक नुसत्या बघतील, कारण मामांना पॅकिंगच्या आधी टॉवेलचा नमुना जुळवून बघावा लागतो. हिशेबाच्या फाइली अक्का आणि मालक बदलतील, बाकी कोणी बघणारही नाही. कागदावर दोन प्रकारचे लोक दिसले, बदलणारे आणि पाहणारे, की तेवढे ग्रुप करायचे. माणसाला थेट हक्क देऊ नका, ग्रुपला द्या आणि माणसाला ग्रुपमध्ये घाला. मामांच्या जागी उद्या दुसरे कोणी आले तर फोल्डरला हात न लावता फक्त ग्रुपमधलं नाव बदलायचं.

सगळ्यांनी एकच खातं आणि एकच पासवर्ड वापरायचा, ही पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती आजच बंद करावी. फाइल कोणी बदलली हे त्यात कधीच कळत नाही आणि वर सांगितलेली वाटणीच करता येत नाही.

ग्रुप असे करायचे:

सुडो ग्रुपॲड डिझाइन
सुडो ग्रुपॲड पाहणारे
सुडो यूजरमॉड -एजी डिझाइन अण्णा
सुडो यूजरमॉड -एजी डिझाइन दादा
सुडो यूजरमॉड -एजी पाहणारे मामा

मालकांचं नावही असंच 'पाहणारे'मध्ये घालायचं. शेवटच्या ओळींतलं -एजी जपून टाइप करा: ए लहान, जी कॅपिटल. तो लहान ए म्हणजे 'आहेत त्या ग्रुपांत भर घाल'. तो विसरलात तर माणूस आधीच्या सगळ्या जादा ग्रुपांतून बाहेर पडतो आणि फक्त नव्यात राहतो. ज्या खात्याला सुडोचा अधिकार आहे त्याच्यावर ही चूक झाली की तो अधिकारच जातो.

आणि ग्रुपमध्ये घातल्या घातल्या काही बदलत नाही, कारण माणूस कोणकोणत्या ग्रुपांत आहे हे लॉगिनच्या वेळी ठरतं. "सर, केलं तुम्ही म्हणता, पण इथं तसंच आहे की" असा फोन आला तर आधी विचारायचं, लॉगआउट करून परत लॉगिन केलंत का? नंतर त्यांच्याच टर्मिनलमध्ये आयडी एवढीच आज्ञा दिली की ग्रुपांची यादी दिसते. त्यात 'डिझाइन' दिसत नसेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

फोल्डर कुठे ठेवायचं

बहुतेक जण अण्णांच्या होम फोल्डरातच एक फोल्डर करून ते 'शेअर' करतात. तिथे अडतं. आतल्या फोल्डरपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरातून जाता आलं पाहिजे, आणि उबुंटूत २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्याचं होम फोल्डर ७५० परवानगीनं तयार होतं, म्हणजे परक्याला आत पाऊल टाकता येत नाही. आतल्या फोल्डरला काहीही परवानगी द्या, वाटच बंद. म्हणून सामायिक फोल्डर /एसआरव्ही मध्ये करावं, ती जागा अशाच कामासाठी आहे. एखाद्या लांबलचक पत्त्यावर नेमकं कुठे अडतंय ते बघायला नेमआय -एल ही आज्ञा फार उपयोगाची आहे. ती मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक फोल्डरचा मालक, ग्रुप आणि परवानगी एकाखाली एक दाखवते.

सुडो एमकेडीआयआर -पी /एसआरव्ही/डिझाइन
सुडो सीएचजीआरपी डिझाइन /एसआरव्ही/डिझाइन
सुडो सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/डिझाइन

पहिल्या ओळीनं फोल्डर झालं, दुसरीनं ते 'डिझाइन' ग्रुपचं झालं. तिसऱ्या ओळीत ७७० चा अर्थ आता तुम्हाला कळतो: मालकाला आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काही नाही. पुढचा २ कशाला, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण दादाची तक्रार तिथूनच येते.

अण्णा नवी फाइल करतात तेव्हा तिचा मालक अण्णा हे उघड आहे. पण तिचा ग्रुप कोणता? उबुंटू, डेबियन, फेडोरा या सगळ्यांत प्रत्येक खात्याबरोबर त्याच नावाचा एक खासगी ग्रुप तयार होतो आणि तोच त्या माणसाचा मुख्य ग्रुप असतो. अण्णांची नवी फाइल 'अण्णा' नावाच्या ग्रुपची होते. त्या ग्रुपात एकटे अण्णा. दादा 'डिझाइन'मध्ये असला तरी या फाइलीच्या दृष्टीनं तो 'बाकीच्यां'पैकी. फाइल ६४४ असेल तर बाकीच्यांना फक्त वाचता येतं. म्हणून उघडते आणि सेव्ह होत नाही.

पुढचा २ म्हणजे सेट-जीआयडी. फोल्डरवर तो लागला की आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल फोल्डरचाच ग्रुप घेते, ती कोणीही केलेली असो. आत नवं फोल्डर केलं तर त्यालाही हा गुण आपोआप लागतो. एलएस -एलडी नं फोल्डर बघितलं की ग्रुपच्या तीन अक्षरांत शेवटच्या एक्सच्या जागी एस दिसतो. तो एस दिसला की समजायचं, ग्रुपचं काम झालं.

अर्धं काम अजून बाकी आहे

ग्रुप बरोबर आला, पण त्या ग्रुपला लिहायचा हक्क आहे का? तो ठरवतो यूमास्क. प्रोग्रॅम साधी फाइल करताना सहसा ६६६ मागतो आणि यूमास्क त्यातून काही हक्क काढून घेतो. यूमास्क ०२२ असेल तर ग्रुपचा आणि बाकीच्यांचा लिहिण्याचा हक्क जातो, उरतं ६४४. ग्रुप 'डिझाइन' आहे, दादा त्यात आहे, तरी सेव्ह होत नाही, कारण ग्रुपला फक्त वाचणं उरलं. सेट-जीआयडी लावून थांबणाऱ्यांची पंचाईत होते ती इथे.

यावर एक मार्ग म्हणजे सगळ्यांचा यूमास्क ००२ करणं. म्हणजे फाइल ६६४ होईल. हे चालतं, पण यूमास्क माणसाच्या सत्राला लागतो, फोल्डरला नाही. प्रत्येक खात्यावर, प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तो तसाच राहील याची खात्री करत बसावं लागतं. मी हा मार्ग सुचवत नाही. शिवाय आपल्या कागदावर मामा आणि मालक आहेत, ज्यांना फक्त बघायचंय. साध्या परवानगीत ग्रुपसाठी एकच जागा असते, तिथे 'डिझाइन' बसला. 'पाहणारे' कुठे बसवायचे? 'बाकीच्यां'ना वाचायला दिलं तर मशीनवरचं कोणीही वाचेल.

यासाठी एसीएल आहे. एसीएल म्हणजे मालक, ग्रुप, बाकीचे या तिघांच्या पलीकडे आणखी हव्या त्या ग्रुपांची आणि माणसांची नावं हक्कांसह जोडणं. आणि त्यात 'डीफॉल्ट' नावाचा एक भाग असतो जो खरा कामाचा: या फोल्डरात पुढे जे काही तयार होईल त्याला हेच हक्क लागू. ज्या फोल्डरावर डीफॉल्ट एसीएल आहे तिथे यूमास्क बघितलाच जात नाही. दोन्ही अडचणी एकदम सुटतात.

सुडो सेटएफएसीएल -एम जी:डिझाइन:आरडब्ल्यूएक्स,जी:पाहणारे:आरएक्स /एसआरव्ही/डिझाइन
सुडो सेटएफएसीएल -डी -एम जी:डिझाइन:आरडब्ल्यूएक्स,जी:पाहणारे:आरएक्स /एसआरव्ही/डिझाइन

पहिली ओळ फोल्डरसाठी, दुसरी पुढे येणाऱ्या फाइलींसाठी. दोन्ही लागतात. दुसरी विसरली तर आज सगळं छान चालतं आणि उद्याच्या फाइलीवर परत अडतं. सेटएफएसीएल ही आज्ञाच सापडत नसेल तर 'एसीएल' नावाचं पॅकेज टाकून घ्यावं. उबुंटूच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर (ईएक्सटी४ म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची लिनक्सची पद्धत) बाकी काही करावं लागत नाही. काय लागलंय ते बघायला गेटएफएसीएल, आणि एलएस -एल मध्ये परवानगीच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं की ओळखायचं, इथे एसीएल आहे.

फोल्डरमध्ये आधीपासून फाइली असतील तर त्यांना यातलं काहीच आपोआप लागत नाही. त्या एकदा सरळ करून घ्याव्या लागतात, आणि ते एसीएल लावायच्या आधी करावं:

सुडो सीएचजीआरपी -आर डिझाइन /एसआरव्ही/डिझाइन
सुडो सीएचमॉड -आर जी+आरडब्ल्यूएक्स,ओ-आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/डिझाइन
सुडो फाइंड /एसआरव्ही/डिझाइन -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड जी+एस {} +

सुटा -आर इथे कॅपिटल टाइप करायचा. मधल्या ओळीत 'जी+' नंतरचा एक्सही कॅपिटल हवा. कॅपिटल एक्स म्हणजे 'आत जायचा हक्क फोल्डरांना दे, साध्या फाइलींना चालवायचा हक्क देऊ नकोस'. लहान एक्स टाकला तर प्रत्येक चित्र आणि प्रत्येक बिल प्रोग्रॅमसारखं चालवता येण्याजोगं होऊन बसतं. मग वरच्या दोन सेटएफएसीएल आज्ञा -आर जोडून, कॅपिटल एक्ससह, पूर्ण फोल्डरावर द्यायच्या.

क्रम का महत्त्वाचा, ते सांगतो. एसीएल लागल्यावर एलएस -एल मध्ये ग्रुपच्या जागी जी तीन अक्षरं दिसतात ती ग्रुपची राहत नाहीत, ती 'मास्क' होते. मास्क म्हणजे कमाल मर्यादा: जोडलेल्या कोणत्याही ग्रुपला यापेक्षा जास्त मिळणार नाही. नंतर कोणी सवयीनं त्या फाइलीवर सीएचमॉड ६४० मारलं की मास्क फक्त वाचण्यापुरता होतो. गेटएफएसीएल मध्ये 'डिझाइन'समोर वाचणं-लिहिणं लिहिलेलं दिसतं, पण पुढे 'इफेक्टिव्ह' म्हणून नुसतं वाचणं. दादाला पुन्हा सेव्ह करता येत नाही आणि कारण लवकर सापडत नाही. एसीएल लावलेल्या फोल्डरात सीएचमॉड शक्यतो वापरूच नये.

खरंच चालतंय का

अण्णा-दादांना खुर्चीवरून न उठवता हे तपासता येतं:

सुडो -यू दादा टच /एसआरव्ही/डिझाइन/चाचणी
सुडो -यू मामा टच /एसआरव्ही/डिझाइन/चाचणी२

टच ही रिकामी फाइल तयार करणारी आज्ञा. पहिली आज्ञा गुपचूप पार पडली पाहिजे, दुसरीला परवानगी नाकारली गेली पाहिजे. नकार मिळणंही तपासायचं असतं. बहुतेक जण दादाचं चाललं की उठतात, आणि मामांनाही लिहिता येतंय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मग अण्णांच्या नावानं केलेली एक फाइल दादाच्या नावानं बदलून बघा. दादाच्या मूळ तक्रारीची खरी परीक्षा तीच.

एवढं करूनही अधूनमधून एखादी फाइल अडते, आणि तिचं कारण बहुधा 'मूव्ह' असतं. दादा डिझाइन स्वतःच्या होम फोल्डरात करतो आणि पूर्ण झाल्यावर सामायिक फोल्डरात हलवतो. एकाच डिस्कवर फाइल हलवली तर ती नवी तयार होत नाही, फक्त नाव इकडून तिकडे जातं. त्यामुळे ती जुना ग्रुप, जुनी परवानगी घेऊनच येते, आणि डीफॉल्ट एसीएल तिला लागत नाही. कॉपी केली तर मात्र नवी फाइल तयार होते आणि फोल्डरचे नियम लागतात. ऑफिसात एकच नियम करून टाकावा: सामायिक फोल्डरात कॉपी करा, हलवू नका.

डिलीटचा प्रश्न राहिला. दादानं चुकून अण्णांचं डिझाइन उडवू नये म्हणून काही जण फोल्डरावर स्टिकी बिट लावायला सांगतात. २ च्या ऐवजी ३ लिहून, म्हणजे ३७७० करून. स्टिकी बिट लागला की फाइल फक्त तिचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट (मशीनचं सर्वाधिकारी खातं) उडवू शकतो. मशीनवरचं /टीएमपी हे सगळ्यांसाठी उघडं फोल्डर याच्याच जोरावर चालतं, त्याची परवानगी १७७७ असते. पण कामाच्या फोल्डरात हा उपाय उलटतो. अनेक प्रोग्रॅम सेव्ह करताना जुन्या फाइलीत लिहीत नाहीत. आधी शेजारी नवी फाइल लिहितात आणि मग तिला जुन्या फाइलीचं नाव देऊन जुनी काढून टाकतात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल राहत नाही. स्टिकी बिट असेल तर अण्णांची फाइल अशी बदलायला दादाला मनाई होते, आणि आपण परत सुरुवातीच्या तक्रारीवर. जिथे दोघांनी एकच फाइल बदलायची आहे तिथे स्टिकी बिट नको. चुकून उडालेल्या फाइलीवर खरा इलाज रोजचा बॅकअप हाच आहे. आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमनं बॅकअप घेत असाल तर -ए बरोबर कॅपिटल -ए सुद्धा द्या, नाहीतर बॅकअपमध्ये फाइली येतील आणि एसीएल मागे राहतील.

विंडोजवरून येणारे

डिझाइनची आणि हिशेबाची बरीच सॉफ्टवेअरं विंडोजवर चालतात, त्यामुळे अण्णा आणि अक्का बहुधा विंडोजच्या मशीनवर बसलेले असतात आणि लिनक्सचं फोल्डर त्यांना सांबातून, म्हणजे ते नेटवर्कवरून विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून, दिसतं. सांबा वेगळं दार आहे, पण आत गेल्यावर वरचे सगळे नियम लागूच राहतात. दोन्हीकडून परवानगी असेल तरच काम होतं. सांबाच्या सेटिंगमध्ये लिहायला मुभा दिली आणि लिनक्सनं नाकारली तर नाकारलीच.

सांबात तीन गोष्टी बघायच्या. एक, प्रत्येकाचा सांबाचा पासवर्ड वेगळा ठरवावा लागतो, लिनक्सचा आपोआप चालत नाही. त्यासाठी सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए अण्णा. दोन, 'व्हॅलिड यूजर्स' मध्ये @डिझाइन आणि @पाहणारे लिहायचं, माणसांची नावं लिहायची नाहीत. तीन, सांबाचा 'क्रिएट मास्क' न सांगता ०७४४ असतो, म्हणजे विंडोजवरून आलेल्या नव्या फाइलीवर ग्रुपचा लिहिण्याचा हक्क कापला जाऊ शकतो. तो ०६६० करावा आणि 'डिरेक्टरी मास्क' २७७० करावा. 'इनहेरिट एसीएल्स' चालू ठेवलं की फोल्डरवरची डीफॉल्ट एसीएल नव्या फोल्डरांनाही नीट लागते.

जागा कमी पडली म्हणून ऑफिसात हमखास एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली जाते आणि सामायिक फोल्डर तिच्यावर नेलं जातं. ती डिस्क एक्सफॅट (फाइली मांडायची विंडोजकडची एक पद्धत) असेल तर तिच्यावर लिनक्सच्या परवानग्या लिहून ठेवायची सोयच नसते. तिथे सीएचमॉड, सीएचजीआरपी, एसीएल यांतलं काही टिकत नाही. सगळी डिस्क जोडताना, म्हणजे माउंटच्या वेळी, एका माणसाची आणि एका ग्रुपची ठरते, बस. सामायिक फोल्डर ठेवायचं तर डिस्क ईएक्सटी४ करूनच जोडावी. त्यात आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा फाइली आधी दुसरीकडे उतरवून घ्या. अशी डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला लावली तर मालक म्हणून कधी नावाऐवजी १००१ असा आकडा दिसतो, कधी भलत्याचंच नाव दिसतं. कारण डिस्कवर नाव लिहिलेलं नसतं, खात्याचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि तो क्रमांक त्या मशीनवर कोणाचा आहे त्यावर पुढचं ठरतं. दोन सर्व्हर असतील तर खाती दोन्हीकडे एकाच क्रमांकांनी करावीत.

कोणी काम सोडून गेलं की सुडो जीपासडब्ल्यूडी -डी दादा डिझाइन ही आज्ञा देऊन त्याला ग्रुपमधून काढायचं आणि खात्याचा पासवर्ड सुडो यूजरमॉड -एल दादा नं बंद करायचा, इथला एल कॅपिटल. सांबाचं खातं स्वतंत्र आहे, ते एसएमबीपासडब्ल्यूडी -डी नं निराळं बंद करावं लागतं. ही पायरी फार ठिकाणी राहून जाते. त्याचं लॉगिन चालू असेल तर तेही तोडायचं, कारण ग्रुप लॉगिनच्या वेळीच ठरलेले असतात आणि चालू सत्रात जुने हक्क तसेच राहतात. त्याच्या फाइलींना हात लावायची गरज नसते. त्या त्याच्या नावावर दिसत राहिल्या तरी ग्रुप 'डिझाइन'च आहे, त्यामुळे अण्णांचं काम थांबत नाही. फक्त खातं पूर्ण डिलीट करण्याआधी सुडो फाइंड /एसआरव्ही -यूजर दादा देऊन त्याच्या नावावर काय काय आहे ते बघावं आणि सुडो सीएचओन नं ते अण्णांच्या नावावर करावं. नाहीतर मोकळा झालेला तो क्रमांक पुढे एखाद्या नव्या खात्याला मिळू शकतो, आणि दादाच्या जुन्या फाइली त्या नव्या माणसाच्या मालकीच्या होऊन बसतात.